बाळूस, रिपोर्ट बघून

शहापूर, बेळगाव

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

तुझा रिपोर्ट बघितला. एचएस-सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, ४.२. त्या आकड्यानं तुझी झोप उडाली आणि तो उतरवायला तू फायबरच्या पावडरीचा डबा मागवणार, असं वहिनी म्हणाल्या. थांब की मर्दा! रक्त दिलंस तेव्हा तू नुकता तापातून उठला होतास. सीआरपी यकृतात तयार होतं आणि साध्या तापानं, दाढ सुजल्यानंही चढतं. पूर्ण बरा झालास की दोन-तीन आठवड्यांनी परत तपास. १ च्या खाली असलं तर उत्तम, ३ च्या वरच राहिलं तर हृदयाच्या दृष्टीनं डॉक्टर लक्ष घालतात.

तरी ते चढंच निघालं तर मला नवल वाटणार नाही. दिवसभर गल्ल्यावर बसून पोट सुटलंय तुझं. आतल्या अवयवांभोवतीची ती चरबी स्वस्थ बसत नाही, सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत राहते. ही सूज दिसत नाही, ठणकत नाही, म्हणून कळतही नाही.

आता फायबरचं, म्हणजे धान्य-कडधान्यातल्या चोथ्याचं. ते आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट नावाचं द्रव्य बनवतात. आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन तेच. अस्तर घट्ट राहिलं की जिवाणूंचे अवशेष रक्तात कमी झिरपतात आणि प्रतिकारशक्ती उगाच भडकत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. येळ्ळूरचा बासमती माझाही जीव की प्राण, पण १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात ते ३ ग्रॅमसुद्धा नसतं. तेवढ्याच जोंधळ्यात १०, नाचणीत ११. दोन भाकरी आणि वाटीभर आख्ख्या मसुरीची आमटी झाली की निम्म्याच्या पुढं गेलास. पावडर कशाला? तिच्या प्रयोगांतही सीआरपी उतरतं ते थोडंच.

चालणं मात्र चुकवू नकोस. व्यायामावर संशोधन करणाऱ्या कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांचं काम मला फार आवडतं. चरबीतून सतत पाझरणारं इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन सुजेला खतपाणी घालतं. तेच राबणाऱ्या स्नायूतून थोडा वेळ सुटलं की सूज शमवणारी द्रव्यं वाढतात. एकच रसायन, पण कुठून आणि किती वेळ सुटतं त्यावर सगळं! आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाल. पोट उतरलं तर फरक जास्त दिसेल. फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी अंगमेहनत नको, आकडा फसवा येतो.

भाकरी-उसळ एकदम वाढवलीस तर पोट फुगून वहिनींना त्रास देशील, तेव्हा हळूहळू वाढव, पाणी भरपूर पी. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस. नवा रिपोर्ट आला की फोन कर.

तुझा,
सदा