आडनाव न लिहिता पाठव

फोंडा

प्रिय बाय,

पाठवलीस तेवढी कादंबरी वाचून झाली. धालोची रात्र झकास जमलीय. पौषातलं चांदणं, नाचत-गात समोरासमोर आलेल्या बायकांच्या दोन ओळी आणि मांडाच्या, म्हणजे त्या खेळाच्या अंगणाच्या कडेला, पुरुषांनी जिथं थांबायचं तिथंच थांबलेला तो. ती गाता गाता अडखळते, शेजारची वहिनी तिला कोपरानं ढोसते आणि पुढची ओळ स्वतःच उचलते. प्रेमाचा शब्दही न काढता तू सगळं सांगून मोकळी झालीस.

आणि नेमकं त्याच पानावर, तू ज्यांना हस्तलिखित दाखवलंस त्या गृहस्थांनी समासात लिहिलंय, ‘धालो म्हणजे काय ते सविस्तर सांगावे.’ पात्रांच्या तोंडची कोकणी खोडून तिथं पुणेरी मराठी घातलीय ती वेगळीच. केपेच्या डोंगरातली गावड्याची पोर आईशी तशी बोलेल होय गो? मला वाचतानाच हसू आलं. तुला रडू आलं असेल, ते समजू शकते.

आता तू म्हणतेस, चांगला मार्गदर्शक शोधून दे. शुद्धलेखन तपासायला हवा असेल तर मी आहे, एका चहावर. पण प्रेमकथा उभी करायला माणूस हवं असेल तर ते निराळं. प्रेमकथेत मुरलेलं माणूस तुला धालोबद्दल विचारणार नाही. ते विचारील की तो भेटायच्या आधी हिला आयुष्यात काय हवं होतं? आणि दोघांच्या मध्ये काकाखेरीज दुसरं काही आहे की नाही? कारण सध्या तुझ्या कथेतला काका आडवा येतो म्हणून लग्न अडलंय. उद्या काका गेला तर कादंबरी तिथंच संपली! अडसर तिच्या आणि त्याच्या मनात हवा. त्याला शिपिंगमध्ये जायचंय आणि ती आपलं पोफळीचं कुळागर सोडणार नाही, हे तू दुसऱ्या प्रकरणात ओझरतं लिहून विसरलीस. खरी गोष्ट तिथं आहे.

बाहेर हे काम रीतसर चालतं. इंग्लंडात प्रेमकथा लिहिणाऱ्यांची रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन १९६० साली निघाली आणि दोनच वर्षांनी त्यांनी न छापलेल्या लेखकांसाठी योजना काढली. तुम्ही हस्तलिखित पाठवायचं, एक छापलेला लेखक ते अथपासून इतिपर्यंत वाचून अहवाल देतो आणि वाचणाऱ्याचं नाव तुम्हाला कळत नाही. योजना अजून चालू आहे. प्रेमकथा छापणाऱ्या हार्लेक्विन प्रकाशनानं तर ज्यांना आजवर या धंद्यात जागा मिळाली नाही अशांसाठीच वर्षभर संपादकाची सोबत आणि वर मानधन देणारी योजना काढली. अमेरिकेत ‘पिच वॉर्स’ होतं, नवख्याचं हस्तलिखित जाणता लेखक काही महिने बसून सुधारून घ्यायचा, तेही विनामोबदला. ते २०१२ ला सुरू झालं आणि २०२२ ला बंद पडलं. विनामोबदला कामाचं बहुतेक असंच होतं.

हे सगळं सांगून तुला भुलवत नाही. तिथंही दार आपोआप उघडलं नाही. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही संस्था १९८० मध्ये उभी राहिली ती व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादक बाईंच्या पुढाकारानं. तरी त्याच संस्थेचा मोठा पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकेला पहिल्यांदा मिळाला २०१९ मध्ये! त्याच वर्षाअखेर वंशभेदावरून तिथं असा भडका उडाला की पदाधिकाऱ्यांचे राजीनामे पडले. पुढं पुरस्काराला व्हिव्हियनबाईंचं नाव दिलं आणि २०२४ मध्ये संस्थेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव द्यायला उशीर झाला, दुसरं काय म्हणणार.

आपल्याकडचं म्हणशील तर, नॅशनल बुक ट्रस्टची पीएम युवा योजना २०२१ पासून आहे. सहा महिने मार्गदर्शन, महिना ५०,००० रुपये, मराठी आणि कोकणी दोन्ही चालतात. पण वय तिशीच्या आत हवं आणि विषय त्यांनी ठरवलेला, स्वातंत्र्यलढा वगैरे. तुझी-माझी तिशी केव्हाच उलटली आणि तुझ्या नायिकेला स्वातंत्र्य हवंय ते घरच्यांपासून. साउथ एशिया स्पीक्स म्हणून एक आहे, आपल्या गोव्यात जन्मलेल्या सोनिया फालेरोंनी सुरू केलेलं. वर्षभर एकेका लेखकाला एकेक मार्गदर्शक, फी नाही. ते इंग्रजीतलं, पण अनुवादकांनाही घेतात. पुढं कधी तुझं कुणी इंग्रजीत करायला घेतलं तर त्याला तिकडं पाठवू. प्रतिलिपी ॲपवर वाचक भरपूर मिळतील, रोज एक भाग टाकलास तर ‘पुढचा भाग कधी’ म्हणून जीव खातील. पण काकाचं दुखणं तिथं कुणी सांगणार नाही.

म्हणून मला ती इंग्लंडातली युक्ती इथं करून बघायचीय. वाचणाऱ्याचं नाव झाकतात तसं आपण लिहिणारीचंही झाकू. गोव्यात आडनाव ऐकलं की माणूस गाव, देऊळ आणि जात तिन्ही मनात लिहून मोकळा होतो आणि मग कथा वाचतो. वेळीप असं आदिवासी आडनाव दिसलं की ‘लोकजीवनाचे छान चित्रण’ म्हणून पाठ थोपटायची, शेणवी असं बामणी दिसलं की शैलीबद्दल बोलायचं. प्रेमकथा म्हणून कुणी वाचतच नाही! धालोवरून तू कुठली ते ओळखतील म्हणा. ओळखोत. निदान पहिलं पान तरी कोऱ्या डोळ्यांनी वाचतील.

वाचायला तिघं तयार आहेत. माझ्या शाळेतल्या निवृत्त बाई, ज्यांनी मासिकांत टोपणनावानं प्रेमकथा लिहिल्यात (कुणाला सांगू नकोस, त्यांच्या सुनेलाही ठाऊक नाही). म्हापशाचा एक मुलगा, मुलांच्या मुलांशी प्रेमाच्या कथा लिहितो आणि घरी दाखवू शकत नाही, त्याचंही लिखाण याच फेरीत वाचायचंय. आणि सांखळीची एक नर्स, जी रात्रपाळीत कादंबऱ्यांचा फडशा पाडते. ती लिहीत नाही, पण कुठल्या पानावर कंटाळा आला ते बिनदिक्कत सांगते, म्हणून मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. नियम एकच ठेवलाय, भाषा कुणी बदलायची नाही. प्रश्न विचारायचे, तेही लेखी.

तेव्हा पानांवर आकडे घाल, नाव-आडनाव काढ आणि चतुर्थीच्या गडबडीआधी माझ्याकडे दे. केपेहून येणं जमत नसेल तर मडगावच्या बसस्टँडवर भेटू, मला तिथं यायचंच आहे. कोकणी संवाद होते तसे परत घाल. काकाला मारू नकोस, नुसता बाजूला बसव. आणि ते कुळागराचं पान लांबव, पाट सोडायला ती पहाटे एकटी जाते तिथं तो पहिल्यांदा तिचं काम बघतो, असं काहीतरी कर ना.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझीच