परतावा मिळतो, पण सामान देण्याआधी

मा. संपादक,

युरोपातून महागडी हँडबॅग आणणाऱ्या गोंयकारांचे पैसे बहुतेकदा विमानतळावरच बुडतात. फ्रान्समध्ये 20 टक्के व्हॅट (विक्रीवरचा कर) छापील किमतीतच धरलेला असतो आणि युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना तो परत मागता येतो. एका दुकानात 100 युरोंवर खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून बारकोडचा फॉर्म मागून घ्यावा आणि चेक-इनच्या आधी विमानतळावरच्या कस्टम्सच्या ‘पाब्लो’ यंत्रावर स्कॅन करावा. कस्टम्सने बॅग पाहायला मागितली आणि ती पट्ट्यावरून पुढे गेलेली असेल, तर परतावा गेलाच म्हणून समजा! रोममार्गे परतणाऱ्यांनी फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का रोमला घ्यावा, कारण युरोपीय संघातून ते तिथून बाहेर पडतात. हातात पूर्ण 20 टक्के पडत नाहीत. करासहितच्या किमतीत व्हॅटचा वाटा 16.67 टक्के, त्यातून परतावा देणाऱ्या एजन्सीचे कमिशन जाते. लंडनच्या दुकानांत ही सोय 2021पासून बंद आहे.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनी खास लक्षात ठेवावे: निकष वास्तव्याचा आहे, तेव्हा गोव्यात राहत असल्याचा पुरावा जवळ हवा.

मोपा असो वा दाबोळी, करमाफीच्या मर्यादेपेक्षा महाग बॅग बिलासह कस्टम्सच्या लाल मार्गाने जाहीर करावी. मगरीच्या किंवा अजगराच्या कातड्याची असेल तर ‘साइट्स’ (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो. तो नसला तर बॅग जप्त होते, आणि तिथे बिलाचा उपयोग नाही.

— एक वाचक, म्हापसा