मॅडम, पहिल्या वर्षाच्या त्या तासांसाठी

आदरणीय मॅडम,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही निवृत्त होताय. समारंभात तुमच्या शोधनिबंधांबद्दल, तुमच्या हाताखाली पीएच.डी. झालेल्यांबद्दल बोललं जाईल आणि ते व्हायलाच हवं. मला मात्र जाहीर आभार मानायचेत ते आधी पहिल्या वर्षाच्या तासांसाठी.

बायोमेडिकलच्या नवख्या मुलांना शिकवणं ज्येष्ठ संशोधक सहसा टाळतात. तुम्ही तो पेपर दरवर्षी मागून घ्यायचात. फळ्यावर दोनच आकडे: पेशीच्या आत पोटॅशियम 140 मिलिमोल, बाहेर 4. नर्न्स्टचं समीकरण (आत-बाहेरच्या प्रमाणांवरून पेशीच्या पडद्यावरचं व्होल्टेज काढायचं सूत्र) मांडून आम्हाला गणित करायला लावलंत. उत्तर आलं उणे 95 मिलिव्होल्ट. मग म्हणालात, "चेतापेशीत इलेक्ट्रोड घालून मोजलं तर उणे 70च्या आसपास येतं. मधले 25 गेले कुठे?" आणि डस्टर ठेवून निघून गेलात! सोडियमचे धनभारित कण थोडे थोडे आत झिरपत असतात, म्हणून व्होल्टेज तेवढं उणे राहत नाही, हे आम्ही लायब्ररीत पुस्तकं उलथीपालथी करून शोधलं. त्या दिवसांत कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता.

चेतापेशीतला विद्युत-संदेश गणितात मांडणाऱ्या हॉजकिन-हक्स्ली या शास्त्रज्ञांचा 1952 चा आलेखही तुम्ही नुसता काढून दाखवला नाहीत. स्क्विड या समुद्री प्राण्याचा अ‍ॅक्सॉनच (चेतापेशीचा लांब तंतू) का निवडला, केंब्रिजचा संगणक बंद असताना हक्स्लींनी हाताने फिरवायच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड कशी केली, हे सगळं सांगितलंत. पुस्तकातल्या प्रत्येक ओळीला "हे कुणाला कळलं आणि कसं?" असं विचारायची सवय तिथे लागली.

मी तुमची संशोधक विद्यार्थिनी नव्हते. तरीही संध्याकाळी तुमचा पॅच क्लॅम्पचा (काचेच्या बारीक सुईने एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजायचा) सेटअप मला वापरू दिलात. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे 300 मायक्रॉन जाडीचे काप, द्रावणात सोडलेले ऑक्सिजनचे बुडबुडे, काचेची सुई पेशीला टेकली की तोंडातल्या नळीने अगदी अलगद ओढायचं. तुम्ही मागे उभ्या राहून एवढंच म्हणायचात, "थांब... थांब... आता." स्क्रीनवर रोध गिगाओहममध्ये गेला, म्हणजे सुई पेशीला घट्ट चिकटली, की माझ्याआधी तुम्हालाच आनंद व्हायचा.

आणि माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण. ज्या औषधाचा परिणाम दिसेल असं वाटलं होतं, तो दिसलाच नाही. ते प्रकरण गाळून टाक, असा सल्ला मला मिळाला होता. तुम्ही सगळं बाड वाचून समासात पेन्सिलीने लिहिलंत, "नमुने पुरेसे आहेत. हे राहू दे." ते राहिलं. तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त चर्चा त्यावरच झाली. मॅडम, संशोधनात टिकून राहिले ती त्या ओळीमुळे.

एक विनंती आहे. प्रॅक्टिकलसाठी तुम्ही हाताने लिहिलेल्या सूचनांच्या वह्या कृपा करून रद्दीत घालू नका. आम्ही जुने विद्यार्थी त्या स्कॅन करून घेणार आहोत. कधी येऊ, तेवढं कळवा.

तुमची,
एक विद्यार्थिनी