पाऊण तासात इन्सब्रुक बघून होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या आपल्या पेपरात रोज युरोप टूरच्या मोठमोठ्या जाहिराती येतायत, पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग सुरू झालंय. त्यातल्या बऱ्याच टूर्समधे ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचं नाव असतंच म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, पण विषय माझ्या आईचा आहे आणि तिच्यासारख्या खूप जणांच्या आया, वडील, सासू-सासरे या टूर्सना जातात म्हणून शक्य तर पूर्ण छापा.

२०१७ साली आम्ही चौघं, म्हणजे आई, मी, बायको आणि लहान मुलगी, अशाच एका ग्रुप टूरने गेलो होतो. दुपारी बस इन्सब्रुकला पोचली आणि माईकवर अनाउन्समेंट झाली की पाऊण तास आहे, सोन्याचं छप्पर बघा, फोटो काढा, वॉशरूमला जाऊन या, बस कोणासाठी थांबणार नाही. आता त्या जुन्या गावात गाड्यांना बंदी आहे, सगळं पायीच फिरायचं, त्यामुळे बस लांब लागते. आईचे गुडघे तेव्हाच दुखायचे, ती म्हणाली तुम्ही जाऊन या, माझ्यामुळे चाळीस माणसं नको खोळंबायला, आणि ती बसमधेच बसून राहिली. आम्ही पोरीला कडेवर घेऊन अक्षरशः धावत गेलो, चार फोटो काढले, धावत परत आलो. त्याच दिवशी पुढे एका मोठ्या दुकानात सव्वादोन तास दिले होते! तिथे मात्र बस अगदी दारात लागली. आईला तिथे काही घ्यायचं नव्हतं, ती खुर्चीवर बसून राहिली.

घरी आल्यावर कोणी विचारलं की इन्सब्रुक कसं आहे तर ती शांतपणे सांगायची, काचेतून पाहिलं, डोंगर छान होते. ते ऐकलं की मला फार वाईट वाटायचं. तिने त्या टूरसाठी स्वतःच्या एफडीतले पैसे दिले होते.

म्हणून यंदा जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आधी तिला घेऊन परत गेलो, या वेळी आमचे आम्हीच. म्युनिकहून ट्रेन घेतली की दोन तासांच्या आत इन्सब्रुक येतं. तीन रात्री एकाच हॉटेलात, बॅगा एकदाच उघडल्या. आणि मग कळलं की आपण आधी काय बघितलंच नव्हतं.

ते सोन्याचं छप्परच घ्या. टूरमधे आम्हाला एवढंच सांगितलं होतं की हे सोन्याचं आहे. ते तांब्याचं आहे, तांब्याच्या २,६५७ पत्र्यांवर सोन्याचा मुलामा दिलाय, आणि ते सम्राट माक्सिमिलियनने १५०० च्या सुमाराला बांधून घेतलं, खाली चौकात खेळ आणि समारंभ चालायचे ते बघायला त्याचा राजेशाही सज्जा म्हणून. पण खरं बघण्यासारखं छपराच्या खाली आहे. सज्ज्याच्या कठड्यावर कोरीव चित्रं आहेत, त्यात स्वतः सम्राट आहे, त्याच्या दोन्ही राण्या आहेत, पहिली बर्गंडीची मेरी, ती घोड्यावरून पडून गेली, आणि दुसरी मिलानची बियांका मारिया, आणि शेजारी अंग वाकवून नाचणारे नर्तक. हे बघायला मान वर करून दहा मिनिटं तरी शांत उभं राहावं लागतं. आईला समोरच एका कॅफेत खुर्ची मिळाली, तिने तासभर तेच बघितलं.

दुसऱ्या दिवशी होफकिर्श, म्हणजे दरबारी चर्च. जुन्या गावापासून चालत दोन-चार मिनिटांवर आहे पण आमच्या टूरने त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. आत मधोमध माक्सिमिलियनचं संगमरवरी थडगं आहे, बाजूंना त्याच्या आयुष्यातल्या प्रसंगांची २४ कोरीव चित्रं आणि वर गुडघे टेकून बसलेला तो स्वतः, आणि थडगं रिकामं आहे. तो १५१९ मधे गेला आणि त्याला व्हिएन्नाजवळ वीनर नॉयश्टाट इथे पुरलंय. हे चर्च त्याच्या नातवाने, फर्डिनांडने, आजोबांच्या स्मारकासाठी १५५३ ते १५६३ मधे बांधलं. थडग्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच असे २८ ब्राँझचे पुतळे उभे आहेत, त्याचे पूर्वज, नातेवाईक, आणि ज्यांना तो आपल्या कुळातले मानायचा असे किंग आर्थरसारखे कथेतले राजेपण. चाळीस करायचे ठरले होते, २८ झाले. गावातले लोक त्यांना काळे पुरुष म्हणतात, पण त्यात बायकाही आहेत. सगळे जणू अंत्ययात्रेला आलेत, मेणबत्ती धरायला हात पुढे केलेत.

इथे आई थांबली. तिने गिरगावात चाळीत असताना तीस वर्षं लोकांचे ब्लाउज आणि परकर-पोलकी शिवली. ती एका राणीच्या पुतळ्यासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "अरे, हे कापड जड आहे बघ, म्हणून चुणी अशी खाली येऊन बसलीय, हलक्या कापडाची अशी बसत नाही." ब्राँझचं कापड, आणि ती त्याचं वजन सांगत होती. मग बाहीवरची वेलबुट्टी, गळ्यातल्या साखळीची एकेक कडी, मागे जाऊन वेणी कशी घातलीय ते. मुलगी पाटीवरची नावं वाचत चाललेली, ती ओरडली आजी ही बघ बियांका मारिया, काल सज्ज्यावर होती ना तीच ही! आईने नातीची वही-पेन्सिल घेतली आणि तिच्या झग्यावरची नक्षी उतरवून घेतली. आम्ही त्या चर्चमधे पावणेदोन तास होतो, तिथे ना कोणी घाई केली ना कोणी शिट्टी वाजवली. २०१७ च्या पूर्ण टूरमधे आईला मी एवढी आनंदात पाहिली नव्हती.

मारिया थेरेसिया रस्त्याच्या दक्षिण टोकाला एक कमान आहे, १७६५ ची. तेव्हा ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या मारिया थेरेसाच्या मुलाचं, लिओपोल्डचं, लग्न इन्सब्रुकला झालं आणि तो सोहळा चालू असतानाच तिचा नवरा सम्राट फ्रान्झ अचानक वारला, म्हणून कमानीच्या एका अंगाला लग्नाचा आनंद कोरलाय आणि दुसऱ्या अंगाला दुःख. एका घरातली दोन्ही कार्यं एकाच दगडात. पहिल्या वेळी आमची बस तिच्याजवळून गेली होती, मोबाइलमधे फोटोपण आहे, पण एकाच बाजूचा, आणि आम्हाला माहीतही नव्हतं की दुसऱ्या बाजूला काय आहे.

डोंगराचं तर काय सांगू. ज्यांच्या घरात गुडघेदुखी आहे त्यांनी हे नीट वाचा. गावातूनच, काँग्रेस नावाच्या स्टेशनवरून, रुळावरची गाडी निघते, तिची स्टेशनं झाहा हदीद या आर्किटेक्टने डिझाइन केलीत, २००७ मधे सुरू झाली, हिमनदीच्या बर्फासारखी गुळगुळीत पांढरी छपरं आहेत. ती हुंगरबुर्गला सोडते, तिथून केबल कारने झेग्रूबे, १,९०५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे जी बाई मुलुंड स्टेशनचा जिना चढू शकत नाही ती कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटर उंच जाऊन बाकावर बसली, शाल गुंडाळून, खाली इन नदी आणि अख्खं गाव, समोर बर्गइझेलचा स्की जंपचा टॉवर. १९६४ आणि १९७६ असे दोन हिवाळी ऑलिंपिक्स या गावाने घेतलेत. मी आणि मुलगी अजून वर हाफेलेकारला जाऊन आलो, जूनमधेही बर्फाचे पट्टे होते, हातात घेऊन आजीसाठी आणेपर्यंत पाणी झालं. इन्सब्रुक कार्ड मिळतं २४, ४८ किंवा ७२ तासांचं, त्यात म्यूझियम, ट्राम-बस आणि केबल कारची एकेक फेरी धरलेली असते, तीन दिवस राहणाऱ्याने ते घ्यावंच.

खायचं म्हणाल तर काइझरश्मार्न, म्हणजे जाडसर गोड धिरड्याचे तुकडे, वर पिठीसाखर, सोबत प्लमचा मुरांब्यासारखा प्रकार. अंडं असतं त्यात, न खाणाऱ्यांनी आधी विचारावं.

मी ग्रुप टूरच्या विरोधात नाही. व्हिसा, जेवण, भाषा, औषधं, या सगळ्याची काळजी कोणीतरी घेतं म्हणून आपल्याकडची वयस्कर माणसं घराबाहेर पडू शकतात, हे मला पूर्ण मान्य आहे, आईलापण पहिलं विमान त्यांनीच दाखवलं. पण टूरवाल्यांना कळकळीची विनंती आहे की प्रत्येक गावापुढे तिथे प्रत्यक्ष किती वेळ मिळणार ते मिनिटांत छापा, बस कुठे थांबणार आणि किती चालावं लागणार ते छापा, आणि दुकानात किती वेळ ते पण छापा. एखादी टूर अशी काढा ज्यात देश कमी आणि मुक्काम जास्त, ज्येष्ठांसाठी तर नक्कीच. पैसे जास्त पडले तर लोक देतील, आयुष्यात एकदाच जातात ते.

आणि वाचकांनी बुकिंगच्या वेळी हे तीन प्रश्न तोंडावर विचारावेत, लाजू नये. आम्ही २०१७ मधे विचारले नाहीत, इतके पैसे भरतोय म्हणजे सगळं नीटच असेल असं धरून चाललो.

संपादक महोदय, आपल्या रविवारच्या पुरवणीत पर्यटनाचं पान असतं, त्यात या तीन गोष्टींची चौकट करून मार्चच्या आत छापता आली तर बघा. एप्रिल-मेमधे निघणारे लोक तोपर्यंत पूर्ण पैसे भरून मोकळे झालेले असतात.

आपला,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई