रविवारच्या प्रॅक्टिसबद्दल, आणि सुनील जोशींबद्दल

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी 6.30 ला बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सगळ्यांनी यायचं आहे, पोरांना पण घेऊन या की. प्रॅक्टिस झाली की तिथंच झाडाखाली बसून अर्धा तास भारताकडून खेळलेले स्पिनर सुनील जोशी यांच्याबद्दल बोलू. आपल्या जवळच्या गदगचा माणूस, पण आमच्यातल्या कितीतरी पोरांना नाव पण माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

शाळेत असताना रोज पहाटे गदगहून हुबळीला प्रॅक्टिसला जायचे आणि शाळेच्या टायमाला परत, एका बाजूचंच 60 किमीच्या आसपास होतं बघा! पुढं 1995-96 च्या रणजी सीझनला 500 वर रन आणि 50 वर विकेट, त्याच वर्षी कर्नाटकानं ट्रॉफी जिंकली. 1999 ला नैरोबीत साऊथ आफ्रिकेसमोर 10 ओव्हर, 6 मेडन, 6 रन, 5 विकेट. 2000 ला ढाक्यात बांगलादेशच्या पहिल्याच टेस्टमध्ये एका डावात 5 विकेट आणि वर 92 रन, मॅन ऑफ द मॅच तेच. शतक 8 रननी हुकलं ते मला अजून लागतं.

खानापूरकडून बसनं येणाऱ्या पोरांसाठी सुरुवातीला दहा मिनिटं थांबू. बॉल दोन नवे आणलेत, स्टंप ज्यांच्या घरी आहेत त्यांनी आठवणीनं आणा. नंतर चहा आणि कुंदा.