थाळीतलं वचन

अहिल्यानगर,
९ ऑक्टोबर

प्रिय चिमणे,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचा पत्ता बघूनच छातीत धस्स झालं. अक्षर तुझंच, पण ओळ खाली खाली घसरत गेलेली. होस्टेलात वॉर्डचे चार्ट तू इतके सरळ लिहायचीस की मेट्रन ते दुसऱ्या मुलींना दाखवायच्या. फोन न करता पत्र का लिहिलंस तेही कळलं. फोनवर तू "बरं आहे गं, प्रभूची दया" म्हणून मोकळी झाली असतीस.

तीनदा वाचलं. दाजींची उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतंय. संस्थेने जुलैपासून मानधन थांबवलंय. दवाखान्याच्या कपाटात ओआरएस आणि पॅरासिटामॉलशिवाय फारसं काही उरलं नाही. आणि सगळ्यात शेवटी, जागा संपली म्हणून कडेला उभं लिहिलेलं ते वाक्य: "ज्याच्या वचनावर सातपुड्यात आलो त्यानेच शब्द फिरवला असं वाटतं, आणि असं वाटल्याची लाज वाटते."

लाजेचं नंतर बघू. आधी नर्स म्हणून बोलते, रागावू नकोस. दिवसरात्र दर दोन तासांनी त्यांची कूस बदल. एकटीला जमत नसेल तर खाली चादर दुमडून घाल आणि चादरीसकट ओढ, कमरेवर जोर घेऊ नकोस. टाचा गादीला टेकू देऊ नकोस, पोटरीखाली उशी ठेव. उजव्या हाताला धरून उठवू नकोस, खांदा निखळतो. पाणी आडवं असताना मुळीच नको. ताठ बसवून, चमच्याने, आणि ठसका लागत असेल तर पेज थोडी दाट कर. बीपीची गोळी एक दिवससुद्धा चुकायला नको. हे सगळं तुला माझ्याइतकंच येतं. पण आपल्याच माणसाची सेवा करताना आपण नर्स राहत नाही, हे मी २०२१ साली शिकले.

त्या सालाबद्दल तुला मी पूर्ण कधी सांगितलंच नाही. आता सांगते.

आपल्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री वचनाची चिठ्ठी उचलतात. तुझ्याकडे पाड्यावर ही पद्धत आहे की नाही ठाऊक नाही. आमच्या मंडळीत पाळकांच्या पत्नी आठवडाभर आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून बसतात, एकेकावर एकेक वचन लिहितात, स्टीलच्या थाळीत ठेवतात आणि वर विणलेला रुमाल झाकतात. आधी लेकरं, मग म्हातारी माणसं, मग आम्ही. २०२०च्या ३१ डिसेंबरला शहरात रात्रीची संचारबंदी होती, म्हणून उपासना संध्याकाळीच उरकली. मास्क लावून, लांब लांब उभं राहून चिठ्ठ्या उचलल्या. माझ्या हाताला स्तोत्र ९१ आलं, दहावं वचन: कोणतेही अरिष्ट तुझ्यावर येणार नाही, कोणतीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही.

त्या वर्षी दुसरं काय हवं होतं गं! आमच्या सरांनी ती चिठ्ठी फ्रिजवर लोहचुंबकाने लावली. एप्रिलमध्ये सर गेले.

तो आठवडा तुला माहीत आहे. ऑक्सिजनच्या बेडसाठी फिरणं, इंजेक्शनासाठी रांगा. मी चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई, आणि माझ्या नवऱ्याला मला कॉरिडॉरच्या काचेतून बघावं लागलं. दफनाला मंडळी नाही, गीत नाही, चार माणसं ते पांढरे पोशाख घालून. घरी आले, पाणी प्यायला फ्रिज उघडायला गेले, तर ते वचन समोर. काढून टाकायची ताकद नव्हती आणि वाचायचीही नव्हती. चिठ्ठी तशीच उलटी करून परत चुंबक लावला. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला साबणाची जाहिरात होती. वर्षभर मी ती साबणाची जाहिरात बघत होते.

त्यात एकाने फोन करून सांगितलं, "ताई, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल." तुझ्याकडे आलेल्या त्या पाहुण्या प्रचारकानेही हेच म्हटल्याचं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. अशी माणसं शास्त्रातल्या त्या दुःखी ईयोबालाच दोष देणाऱ्या मित्रांच्या खानदानातली. निदान ते मित्र सात दिवस आणि सात रात्री गप्प तरी बसले होते.

मग एकदा ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात ठरवून ते स्तोत्र वाचायला घेतलं, भांडायलाच म्हण. आणि दोन गोष्टी दिसल्या. लहानपणापासून पाठ असूनही कधी दिसल्या नव्हत्या. एक, हेच स्तोत्र सैतानाला पाठ आहे. अरण्यातल्या परीक्षेत तो प्रभू येशूला मंदिराच्या शिरावर उभा करतो आणि उडी टाक म्हणतो, तेव्हा देवदूत तुला हातांवर झेलतील हे वचन तो याच स्तोत्रातून काढतो. प्रभू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नको, एवढंच म्हणतो. म्हणजे थाळीतून एक तुकडा उचलायचा आणि देवापुढे नाचवायचा, ही रीत कुणाची ते बघ. दुसरं, दहाव्या वचनानंतर पाचच वचनं खाली आलं की तेच स्तोत्र म्हणतं: संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट यायचंच नसतं तर हे लिहायचं कारण काय? वचन होतं ते हे होतं, चिमणे. आम्ही दहावं कापून फ्रिजवर लावलं आणि पंधरावं पुस्तकात राहिलं.

याने दुःख कमी झालं असं समजू नकोस. सर परत आले नाहीत. पण देवाने शब्द फिरवला ही माझी तक्रार मला मागे घ्यावी लागली, कारण जो शब्द त्याने दिलाच नव्हता तो मी त्याच्या तोंडी घातला होता.

सरांची एक वही सापडली, तिच्याबद्दलही लिहायचंय. २०१३ साली अमेरिकन मराठी मिशनला दोनशे वर्षं झाली, तेव्हा त्यांनी मंडळीत भाषण केलं होतं. भाषण फार लांबलं होतं, लोक चहाकडे बघत होते. मीसुद्धा. आता वही वाचली. १८१२च्या फेब्रुवारीत ही तरुण मंडळी अमेरिकेहून निघाली. कलकत्त्याला उतरताच कंपनी सरकारने चालते व्हा म्हणून हुकूम काढला. हॅरिएट नेवेल नावाची मुलगी त्यांच्यात होती, नवऱ्यासोबत निघालेली. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच तिला मुलगी झाली, पाच दिवसांत बाळ गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ला मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली. वय वर्षं १९. एका माणसालासुद्धा शुभवर्तमान सांगायला मिळालं नाही. नवरा, सॅम्युअल, नंतर मुंबईला आला आणि १८२१ साली पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेला.

त्यांच्यातलाच गॉर्डन हॉल मुंबईला पोहोचला तो ११ फेब्रुवारी १८१३ला. तिथूनही त्याला हाकलायची तयारी होतीच. तेरा वर्षं राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरात राबला. बायको मुलांना घेऊन मायदेशी निघाली, त्यात एक मुलगा समुद्रातच वारला. मार्च १८२६मध्ये हा नाशिककडे गेला, तर तिथे पटकीची साथ. जवळची औषधं आजाऱ्यांना वाटत राहिला. परतताना एका खेड्यात देवळाशी रात्रीचा मुक्काम केला, पहाटे त्यालाच पटकीने धरलं, आणि तोवर औषधं जवळजवळ संपलेली. सोबतीला आलेली दोन पोरं तेवढी, बाकी कुणी नाही. तारीख २० मार्च, वय ४१. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून झाला.

सरांनी इथे समासात पेन्सिलीने लिहिलंय: "औषध वाटून टाकलं नसतं तर?" आणि पुढे काहीच नाही. भाषणात हा प्रश्न त्यांनी घेतला नव्हता. भाषणात नेहमीचं होतं, की बी मेलं म्हणून पीक आलं, १८३१ साली मिशन नगरला आलं, शाळा निघाल्या, आपण सगळे त्या पिकाचे दाणे. खोटं नाही ते. मी स्वतः त्याच शाळेत शिकले. पण एकोणीस वर्षांच्या पोरीचं आणि पाच दिवसांच्या बाळाचं मरण आपल्या दोनशे वर्षांच्या सोहळ्याने फिटलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माणसं म्हणजे काही आपल्या पिकासाठी टाकलेलं खत नव्हे. सरांचा तो अर्धा प्रश्नच मला भाषणापेक्षा खरा वाटतो. देव त्या देवळाच्या ओट्यापाशी होता की नव्हता, एवढंच विचारायचं. होता, असं मी धरून चालते. सिद्ध करता येत नाही.

आपण केडगावला गेलो होतो, आठवतं? इथलं नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं. तू तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधला छापखाना बघून म्हणाली होतीस की बायकांनी खिळे जुळवून अख्खं पवित्र शास्त्र छापलं, मग आपल्याला इंजेक्शनच्या ट्रेचा काय कंटाळा येतो! रमाबाईंचं पुन्हा वाच, आता वेगळं वाटेल. आईबाप आणि बहीण दुष्काळात गेली, १८८०ला भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ला नवरा पटकीने गेला. उरली एक मनोरमा. सगळं काम जिच्या हाती सोपवायचं ती मनोरमाही १९२१च्या जुलैमध्ये आईआधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ला गेल्या, आणि त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं शास्त्राचं भाषांतर पुरं छापून निघालं १९२४ला. मुलगी मातीआड केल्यावरही त्यांचं काम थांबलं नाही. त्या बाईला विश्वास कमी पडला असं सांगायला तुझ्या त्या पाहुण्याला पाठव केडगावला.

आता तू न विचारलेला प्रश्न. पत्रभर तो आहे, पण शब्दात कुठेच नाही: सोडून आलो तर?

चिमणे, ये.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात एक ओळ आहे, तिच्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकला नाही. पौल लिहितो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवलं. बस. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन इफिसात आजारी बरे होत होते, त्याला स्वतःच्या सोबत्याला आजारी सोडून पुढे जावं लागलं. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं पौल म्हणत नाही. त्याने सेवा टाकली असंही म्हणत नाही. आजारी माणसाला एका गावात ठेवावं लागतं, तसं ठेवलं. दाजींचं मिलेत नगरमध्ये आहे असं समज. अर्धांगात पहिले काही महिने फार मोलाचे, व्यायाम आत्ता सुरू झाला तर चमचा धरता येईल, कदाचित काठीने चालताही येईल. तिथे धडगावच्या पलीकडे रोज फिजिओथेरपिस्ट कुठून आणशील?

दवाखान्याचं म्हणशील. तुझ्या हाताखाली तयार झालेली ती पावरा समाजाची मुलगी आज तुझ्यापेक्षा पाड्यांची भाषा चांगली बोलते आणि कोणती बाई अडणार, कोणाला वेळेत शहाद्याला हलवायचं हे ओळखते. क्षयाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून मिळतातच, यादी तिच्याकडे दे. सव्वीस वर्षांत तू एवढं केलंस की तुझ्यावाचून चार महिने निभतील. निभले नाहीत तर परत जा, मी अडवणार नाही.

संस्थेला पत्र लिहायचं तर लिही, पण भीक मागितल्यासारखं नको. आजवरच्या मानधनाचा हिशेब मागायचा. मसुदा मी करून देते, सरांमुळे मला अर्ज-विनंत्यांची सवय आहे.

घर तळमजल्याचं आहे. पुढची खोली रिकामी केली, सरांची खाट तिथेच आहे, कमोडची खुर्ची शेजारच्या मावशींकडून आणून धुऊन ठेवली. संडासाच्या दाराला एक पायरी आहे, तिथे फळीचा उतार करायला सुताराला सांगितलंय. तो उद्या येतो म्हणाला आहे, म्हणजे आठवडा धर. पैशाचं बोललीस तर खरंच भांडण होईल. सरांचं कुटुंब निवृत्तिवेतन येतं, आणि एकटीच्या स्वयंपाकाचा मला कंटाळा आलाय.

प्रार्थना होत नाही म्हणतेस. नको करूस काही दिवस. आमच्या गुरुवारच्या संगतीत सात-आठ बायका आहेत, निम्म्या विधवा, सगळ्यांचे गुडघे दुखतात पण बसतात. तुमची नावं त्यांना दिलीत. तुझ्या वाटणीची त्या करतील.

त्याच अध्यायात पौल तीमथ्याला सांगतो की त्रोवसात राहिलेला माझा झगा घेऊन ये, आणि हिवाळ्याच्या आधी ये. म्हातारा तुरुंगात कुडकुडत होता. वचनं सगळी त्याला पाठ, तरी झगा लागतोच. मी गोधडी शिवायला घेतलीय, सरांच्या दोन सदऱ्यांचे तुकडे तिच्यात आहेत. ती पार्सल करणार नाही, इथेच ठेवते.

नंदुरबारपर्यंत गाडी कुणाची मिळते ते बघ, पुढचं माझा पुतण्या बघेल, त्याच्याकडे मागची सीट आडवी होणारी गाडी आहे. दिवाळीच्या गर्दीच्या आधीचा कुठलाही दिवस सांग. आणि निघताना त्यांच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट टाकून येऊ नकोस, पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅम मला डॉक्टरांना दाखवायचेत.

दाजींना सलाम सांग. उजव्या कानाशी नको, डाव्या बाजूला बसून, सावकाश.

तुझी,
होस्टेलातली बडबडी