‘पाणी शिरले’ म्हणून वॉरंटी नाकारलेल्या स्पीड कंट्रोलरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मॉडेल बोटीच्या स्पीड कंट्रोलरची फेरतपासणी करून तो बदलून देणे किंवा पैसे परत करणे

महोदय/महोदया,

तुमच्याकडून घेतलेला रेडिओ कंट्रोल बोटीचा ब्रशलेस स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) मी वॉरंटीत दुरुस्तीसाठी पाठवला होता. ‘पाणी शिरल्याने बिघाड’ एवढाच शेरा मारून तो परत आला. हा शेरा मला मान्य नाही. बोटीसाठीच बनवलेल्या, खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ छापलेल्या वस्तूला हे कारण लावणे मुळात चूक आहे. शिवाय कनेक्टरवर हिरवट गंज नाही, बोटीत ओल नाही, आणि लक्षणेही पाण्याची नाहीत.

बोट सुरुवातीला व्यवस्थित चालते. काही मिनिटांनी, विशेषतः जोरात वळताना, सुकाणू आणि मोटर एकदम बंद पडतात, क्षणभराने ताबा परत येतो आणि पुढच्या वळणाला पुन्हा जातो. थोडा वेळ गार होऊ दिली की बोट पुन्हा पहिल्यासारखी. पाण्याने खराब झालेले सर्किट असे गार झाल्यावर दर वेळी बरे होत नाही.

पहिला संशय रेडिओवर होता, कारण 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात फार पटकन शोषल्या जातात. पण अँटेना पाण्याच्या पातळीच्या बरीच वर आहे आणि ट्रान्समीटर शेजारी ठेवून टेबलावरही हाच प्रकार घडतो. तेव्हा बोटीतल्या रिसीव्हरचा (रेडिओ संदेश घेणाऱ्या भागाचा) दिवा विझून पुन्हा लागताना स्पष्ट दिसतो. सुकाणू फिरवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, बदलून पाहिला, फरक पडला नाही. मग रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला मल्टिमीटर लावून किमान व्होल्टेज नोंदवले. कंट्रोलर गार असताना 5 व्होल्ट टिकतात. तापल्यावर सुकाणू फिरवले की आकडा 3.5 च्याही खाली जातो. रिसीव्हर तिथेच बंद पडतो.

शेवटची चाचणी तुमच्या तंत्रज्ञांनी जरूर करून पाहावी. कंट्रोलरच्या प्लगमधली लाल वायर काढून मी रिसीव्हर आणि सर्व्होला 4.8 व्होल्टची वेगळी बॅटरी दिली. मोटर, कंट्रोलर, सर्व्हो, रिसीव्हर सगळे तेच, तरी बिघाड एकदाही आला नाही. मोटरच्या विद्युत गोंगाटाची शंकाही इथेच संपते. दोषी ठरतो तो कंट्रोलरच्या आतला बीईसी, म्हणजे मुख्य बॅटरीतून रिसीव्हरसाठी 5 व्होल्ट काढणारा भाग.

तुमच्या माहितीपुस्तिकेत हा बीईसी लिनियर प्रकारचा, 2 अँपिअरचा आहे आणि 3 सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चालेल असे लिहिले आहे. लिनियर बीईसी जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. भरलेली 3 सेलची लिपो 12.6 व्होल्टची, त्यातले 7.6 व्होल्ट वाया जातात. 2 अँपिअर घेतले तर 15 वॉटहून अधिक उष्णता होते, आणि ती एका छोट्या चिपने बंद डब्यात सोसायची! 2 सेलवर (8.4 व्होल्ट) हाच आकडा 7 वॉटच्या आत राहतो, आणि 2 सेलवर माझी बोट खरोखरच बराच जास्त वेळ टिकते. थंड पाण्याची नळी कंट्रोलरमधल्या, मोटरला वीज सोडणाऱ्या मॉस्फेटना (इलेक्ट्रॉनिक स्विचना) गार ठेवते, बीईसीला नाही. म्हणजे पुस्तिकेतली सूचना पाळूनच हा भाग निकामी होतो आहे.

आणि ही गोष्ट किरकोळ नाही. बोट भर पाण्यात बंद पडली की ती आणायला कोणी पोहत जाण्याचा मोह होतो, विशेषतः मुलांना. त्यात जीव जाऊ शकतो.

माझी मागणी अशी: कंट्रोलर 3 सेलवर, सर्व्होचा भार देऊन, तापेपर्यंत चालवून तपासा आणि मोजलेल्या व्होल्टेजसह अहवाल लेखी द्या. दोष मान्य झाल्यास स्विचिंग (लिनियरपेक्षा कमी तापणारा) बीईसी असलेला कंट्रोलर बदलून द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. पुस्तिकेत 3 सेलसाठी वेगळी रिसीव्हर बॅटरी किंवा बाहेरचा बीईसी लावण्याची सूचनाही छापा, म्हणजे इतर ग्राहकांची बोट अशी अडकणार नाही.

खरेदीची पावती, तुमचा शेरा आणि टेबलावरील चाचणीचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. कंट्रोलर मी उघडलेला नाही. तुम्ही सांगाल तेव्हा पाठवण्याची तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक